षट्कर्णी : न ऐकणाऱ्या कानाविषयी

मराठीतील कानाविषयीचे वाक्प्रचार गोळा करायला बसले तर एक छोटीशी पुस्तिका सहज भरेल. आपण कान देतो, कानोसा घेतो, कान टवकारतो. कुणी कुणाचे कान भरतो, कुणी हलक्या कानाचा निघतो. बातमी कर्णोपकर्णी जाते. आणि बोलणे नाजूक वळणावर आले की 'भिंतीलाही कान असतात' असे म्हणून आपण आवाज खाली आणतो. या साऱ्या शब्दसंपत्तीत आम्हांला विशेष मोलाचा वाटणारा शब्द 'षट्कर्णी' हा आहे. दोघांत बोललेली गोष्ट चार कानांची असते; तिसरा माणूस आला की कान सहा होतात आणि गुप्ततेचा भंग होतो. या शब्दात गणित आहे, आणि त्या गणितात प्रत्येक कानामागे एक माणूस गृहीत धरलेला आहे.

'भिंतीला कान' आणि 'षट्कर्णी' हे दोन्ही प्रयोग आपण एकाच अर्थाने वापरत असलो तरी त्यांच्यामागील समजूत एक नाही. पहिला प्रयोग संशय वस्तूवर टाकतो, दुसरा माणसावर. पाळतीचे तंत्र जसजसे सूक्ष्म होत गेले तसतसा पहिल्या प्रयोगाचा वापर आपल्या लेखनात आणि चर्चांत वाढत गेलेला दिसतो. ऐकणारा फोन, बघणारे कार्ड, हेर झालेले घड्याळ ही आता आपल्या वृत्तपत्री लेखांची नेहमीची भाषा आहे. आमचे म्हणणे असे की ही भाषा आपली दिशाभूल करते, आणि जुना 'षट्कर्णी' हाच शब्द आजही अधिक नेमका आहे. हे म्हणणे सिद्ध करण्यासाठी आम्ही एका चमत्कारिक उपकरणाची हकीकत येथे मांडणार आहोत. साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्यात पदार्थविज्ञानाचा थोडा भाग सहन करावा लागेल; परंतु त्यावाचून मुद्दा कळणार नाही.

१९४५ साली सोव्हिएत बालपथकाच्या मुलांनी मॉस्कोतील अमेरिकन राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना एक भेट दिली. अमेरिकेची राजमुद्रा लाकडात कोरलेली होती. मध्ये पंख पसरलेला गरुड. दुसरे महायुद्ध संपत आले होते, दोन्ही राष्ट्रे दोस्त होती, आणि मुलांनी प्रेमाने दिलेली भेट नाकारण्याचे काही कारण नव्हते. ती मुद्रा राजदूतांच्या 'स्पासो हाउस' या निवासस्थानातील अभ्यासिकेत भिंतीवर टांगली गेली. हॅरिमन गेले, पुढे आणखी राजदूत आले आणि गेले, मुद्रा मात्र तेथेच राहिली. सात वर्षे त्या खोलीत जे बोलले गेले ते बाहेर ऐकू जात होते.

संशय आला तो योगायोगाने. १९५१ मध्ये एका ब्रिटिश रेडिओ-चालकाच्या कानांवर सोव्हिएत विमानदलाच्या संदेशांवर लक्ष ठेवता ठेवता अमेरिकन माणसांचे संभाषण पडले. झडत्या झाल्या, हाती काहीच लागले नाही. अखेर १९५२ मध्ये जॉर्ज केनन हे राजदूत असताना तंत्रज्ञांनी एक युक्ती केली. केनन यांनी अभ्यासिकेत बसून आपल्या सचिव बाईंना एका जुन्या मजकुराचे डिक्टेशन मोठ्याने द्यायचे, आणि तेवढ्या वेळात तंत्रज्ञांनी आपल्या यंत्राने खोलीतून निघणाऱ्या लहरींचा माग काढायचा, असा तो बेत होता. राजदूत बोलत राहिले, माग निघाला, भिंत फोडली गेली आणि मग राजमुद्राही फोडली गेली. तिच्या पोटात जे सापडले ते पाहून तज्ज्ञही गोंधळले. आत एक चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची डबी होती, बोटाच्या पेराएवढी, आणि तिला जोडलेली वीतभर लांबीची एक सरळ तार. बॅटरी नाही, वायर नाही, व्हॉल्व नाही. चालू-बंद करण्याची कळदेखील नाही. अमेरिकनांनी तिला नाव दिले 'द थिंग', म्हणजे नुसतीच 'ती वस्तू'. ज्याचे काम कळत नाही त्याला दुसरे नाव तरी काय देणार!

आता ती वस्तू काम कशी करीत असे ते पाहू. आमच्या किनाऱ्यावरचेच उदाहरण घ्यायचे तर रात्री वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरील दीपगृहाचा प्रकाश दिसतो, कारण त्याच्यापाशी स्वतःचा दिवा आहे. याउलट भर दुपारी माडाला टांगलेला एखादा आरसा पडवीत बसलेल्याच्या डोळ्यांवर उजेडाची तिरीप फेकतो, तेव्हा आरशापाशी दिवा नसतो. उजेड सूर्याचा असतो. वाऱ्याने आरसा किंचित हलला की तिरीपही हलते. म्हणजे आरशाने स्वतःची काडीइतकीही शक्ती न वापरता वाऱ्याची बातमी पडवीपर्यंत पोहोचवलेली असते. आता वाऱ्याऐवजी माणसाच्या आवाजाने थरथरणारा एक पातळ आरसा कल्पावा. त्यावरून परतणारा उजेड आवाजाबरोबर कमीजास्त होईल, आणि दूरवर तो उजेड टिपणाऱ्याला त्यातून पुन्हा आवाज मिळवता येईल. ही नुसती कल्पना नाही. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८० साली सूर्यप्रकाश आणि थरथरता आरसा वापरून बोलणे दूर पोहोचवणारे 'फोटोफोन' हे यंत्र प्रत्यक्षात केले होते.

मॉस्कोच्या डबीत उजेडाच्या जागी रेडिओ-लहरी होत्या. निवासस्थानाबाहेरून, जवळच्या एखाद्या जागेतून, एका ठरावीक कंपनसंख्येची लहर त्या खोलीवर सोडली जाई. वीतभर तार ही तिची ग्राहक. तार लहर पकडून डबीत नेई. डबी पोकळ होती आणि तिचे मोजमाप त्या कंपनसंख्येशी जुळवलेले होते. सतारीवर मुख्य तार छेडली की खालच्या तरफांपैकी तेवढ्याच सुरात मिळवलेली तार आपोआप झंकारते, तशी ही पोकळी त्या एका लहरीला झंकारून प्रतिसाद देई. शास्त्रात याला अनुस्पंदन म्हणतात. डबीचे एक तोंड धातूच्या अतिशय पातळ पडद्याने बंद केलेले होते. त्याची जाडी सुमारे ७५ मायक्रोमीटर, म्हणजे साधारण माणसाच्या केसाएवढी. पडद्याच्या आत, त्याला स्पर्श न करता पण अगदी जवळ, चपट्या माथ्याचा एक धातूचा खुंट होता. पडदा आणि खुंट मिळून एक धारित्र तयार होई, म्हणजे विद्युतभार साठवणारी जोडी. दोहोंतील अंतर बदलले की त्या जोडीची क्षमता बदलते.

खोलीत कुणी बोलले की आवाज गरुडाच्या चोचीखालच्या पातळ लाकडातून पडद्यापर्यंत पोहोचे. पडदा थरथरे. त्याबरोबर खुंटापासूनचे अंतर बदले, डबीचा 'सूर' किंचित उतरे किंवा चढे, आणि तारेवाटे परत बाहेर जाणाऱ्या लहरीची तीव्रता बोलण्याच्या चढउताराप्रमाणे कमीजास्त होई. बाहेर बसलेला माणूस ती परतलेली लहर पकडी आणि तिच्यातून बोलणे वेगळे काढी. अर्थात हा परतीचा प्रवास फार खर्चिक असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले तर परत येणारी शक्ती सोळाव्या हिश्शावर येते. त्यामुळे विचारणाऱ्याला जवळच राहणे भाग असते.

झडत्या निष्फळ का ठरल्या हे आता ध्यानात येईल. बाहेरची लहर बंद असेल तेव्हा ती डबी म्हणजे केवळ तांब्याचा एक तुकडा होती. तिच्यातून काहीच निघत नसे, त्यामुळे सापडण्यासारखे काही नसे. बाहेरून कुणी 'विचारले' तरच ती उत्तर देई. तंत्रज्ञांना ती सापडली ती विचारणारा त्या वेळी विचारीत होता म्हणूनच. केनन यांचे डिक्टेशन हे त्याला बोलते ठेवण्यासाठी लावलेले आमिष होते.

येथे जरा थांबून मोजदाद करू. खोलीत राजदूत आणि त्यांचा पाहुणा, म्हणजे चार कान. डबीला कान किती? शून्य. तिला ऐकू येत नव्हते, आठवत नव्हते, भाषा कळत नव्हती. ती फक्त थरथरत होती, आणि खिडकीचे तावदानही बोलण्याने थरथरतेच. पाचवा आणि सहावा कान होता तो बाहेर यंत्रापाशी बसलेल्या माणसाचा. भिंतीला कान नव्हते. गोष्ट मात्र षट्कर्णी झालेली होती. आपल्या जुन्या शब्दाचे गणित अचूक निघाले.

तुलनेसाठी महाराष्ट्रातील एक उदाहरण घेऊ. मुंबईतील एका लाचेच्या खटल्याचा निकाल १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यात पालिकेच्या एका कारकुनाला लाच देऊ पाहणाऱ्याचे बोलणे पोलिसांनी ध्वनिमुद्रित केले होते. बाहेरच्या खोलीत मायक्रोफोन लपवलेला, आतल्या खोलीत टेप-रेकॉर्डर आणि पोलीस. न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य मानला. ध्वनिमुद्रणाच्या पुराव्यावरील चर्चेत हा निकाल पुढे अनेकदा उद्धृत झाला. आम्हांला त्यातील रचना लक्षणीय वाटते. वायर धरून चालत गेले असते तर थेट ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचता आले असते. वायर ही एका अर्थी जबाबदारीची दोरी होती. मॉस्कोच्या डबीने ती दोरीच कापून टाकली. वस्तू सापडली तरी तिच्यावरून तिच्या मालकापर्यंत वाट जात नव्हती.

दुसरे उदाहरण आमच्या जिल्ह्यातले, आणि ते नेमके उलट्या टोकाचे आहे. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या जंगलातून गोवा मुक्तीचे एक गुप्त रेडिओ केंद्र सुरू झाले. पोर्तुगीज आणि कोंकणी या भाषांतून गोव्यातील लोकांना स्वातंत्र्याच्या बातम्या देणारे हे केंद्र वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी प्रामुख्याने चालवले. पुढे ते कॅसल रॉकच्या रानात हलवण्यात आले आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत सुमारे सहा वर्षे चालू राहिले. लिबिया लोबो-सरदेसाई यांना वयाच्या शंभरीत, २०२५ साली, पद्मश्री जाहीर झाली. आंबोलीचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना रानात यंत्रे कोरडी ठेवणे म्हणजे काय हे सांगायला नको.

या केंद्राला स्वतःची शक्ती लागत होती आणि ती दहा दिशांना उधळावी लागत होती. प्रक्षेपण करणारा स्वतःचा पत्ता प्रत्येक शब्दाबरोबर जाहीर करीत असतो. लहरींची दिशा मोजून त्याचा माग काढता येतो. ऐकणाऱ्याचे तसे नाही. घराच्या दारे-खिडक्या लावून हळू आवाजात रेडिओ ऐकणारा माणूस लहरींवरून शोधणे फार अवघड असते. मुक्तिलढ्याच्या त्या वर्षांत या निसर्गनियमाने पारतंत्र्यातील श्रोत्याला आसरा दिला. मॉस्कोत त्याच निसर्गनियमाने पाळत ठेवणाऱ्याला आसरा दिला. निसर्गनियमाला पक्ष नसतो. मग न्याय-अन्यायाचा निवाडा करायचा तो कोण बोलतो, कोण ऐकतो आणि कुणाच्या मर्जीने ऐकतो यावरूनच करावा लागतो.

या डबीच्या जनकाची कथा साहित्याच्या अभ्यासकांना अधिक जवळची वाटेल. लेव्ह थेरेमिन यांचा जन्म १८९६ चा. हात न लावता, केवळ तारेजवळ हात हलवून सूर काढण्याचे, त्यांच्याच नावाने ओळखले जाणारे वाद्य त्यांनी १९२० च्या सुमारास तयार केले. पुढे दहाएक वर्षे ते अमेरिकेत गाजले. १९३८ मध्ये मायदेशी परतले आणि वर्षभरात अटक झाली. आधी कोलिमाची छळछावणी आणि नंतर कैदी शास्त्रज्ञांची बंदिस्त प्रयोगशाळा, जिला रशियन भाषेत 'शराश्का' म्हणत, असा त्यांचा प्रवास झाला. राजमुद्रेतील डबी ही या बंदिवानाची निर्मिती. अशाच एका प्रयोगशाळेत कैद भोगलेल्या सोल्झेनित्सिन यांची १९६८ साली प्रसिद्ध झालेली 'द फर्स्ट सर्कल' ही कादंबरी आमच्या वाचकांपैकी अनेकांनी वाचली असेल. परदेशी वकिलातीला केलेल्या एका दूरध्वनीच्या मुद्रणावरून बोलणारा कोण हे ओळखण्याचे काम तेथे कैद्यांवर सोपवले जाते. त्या कादंबरीतील खरा पेच यंत्राचा नाही. यंत्र जुळवणाऱ्या माणसाला आपण कुणाला पकडून देत आहोत हे ठाऊक असते, आणि तरीही काम तो उत्तम करतो. कारण उत्तम काम करणे हाच त्याच्या माणूसपणाचा उरलेला आधार असतो. मॉस्कोच्या डबीकडे 'हेर वस्तू' म्हणून बोट दाखवताना या माणसांचा विसर पडतो.

आपल्या परंपरेला हा भेद पूर्वीपासून माहीत होता. कौटिल्याने अर्थशास्त्रात मसलतीची जागा पक्ष्यांच्याही दृष्टीआड असावी असे म्हटले आहे. पोपट-मैना आणि कुत्र्यांसारख्या प्राण्यांमुळेही मसलती फुटल्याचे ऐकिवात आहे, असे कारण तो देतो. पोपट हे बिनबॅटरीचे उपकरणच म्हणायचे. त्याला अर्थ कळत नाही, हेतू नसतो, तो केवळ उच्चार परत करतो. पण कौटिल्य पोपटाला शिक्षा सांगत नाही. तो जागा बदलायला सांगतो आणि हेरांच्या प्रकरणांत माणसांचेच वर्गीकरण करतो. 'मुद्राराक्षसा'त यमपट घेऊन दारोदार फिरणारा निपुणक राक्षसाची अंगठी चाणक्यापर्यंत आणतो. यमपट हे त्याचे निमित्त, अंगठी ही सापडलेली वस्तू. नाटक घडते ते चाणक्याने तिचा उपयोग कसा केला यातून.

आमच्या भागातील साधे लोकव्यवहारही हेच सांगतात. कोकणातील जुन्या कौलारू घरांत आतल्या भिंती बऱ्याचदा छपरापर्यंत नेलेल्या नसतात. माजघरातले बोलणे आढ्याखालून पडवीत पोहोचते, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते आणि त्याप्रमाणे बोलणे बेतले जाते. मालवणी गजालींना बंधन असते ते याच जाणिवेचे. कोण ऐकत आहे हे माहीत असलेल्या समाजात बोलणाऱ्याची हुशारी टिकून राहते. हुशारी संपते ती ऐकणाऱ्याचा पत्ताच नाहीसा झाल्यावर.

आता आजच्या काळाकडे येऊ. परावर्तित लहरींतून संदेश पोहोचवण्याचे तत्त्व हेरगिरीपुरते राहिले नाही. १९४८ साली हॅरी स्टॉकमन यांनी या विषयावर लिहिलेला शोधनिबंध हा आजच्या आरएफआयडी तंत्राचा एक आरंभबिंदू मानला जातो. टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरील फास्टॅग वाचला जातो तो याच पद्धतीने. त्या चिकटपट्टीत बॅटरी नसते. नाक्यावरील यंत्राची लहर तिच्यावर पडली की ती आपला क्रमांक परतीच्या लहरीत मिसळून देते. राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर फेब्रुवारी २०२१ पासून तो अनिवार्य आहे. न घासता, केवळ जवळ धरून चालणारे बँकेचे कार्ड, ग्रंथालयातील पुस्तकांत चिकटवलेला टॅग, काही महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचे ओळखपत्र हे सारे त्याच गोत्रातले. डबीत जे काम पडदा करी ते येथे इवलीशी चिप करते. फरक हा की चिप आवाज टिपत नाही. ती केवळ 'मी अमुक' एवढेच सांगते.

या वस्तूंविषयी आमच्या सहकाऱ्यांत दोन प्रकारच्या समजुती आढळतात. पहिली भयाची. खिशातले कार्ड आपले बोलणे ऐकते, असे गंभीरपणे सांगणारे सुशिक्षित लोक आम्हांला भेटतात. ते चूक आहे. बँकेच्या कार्डात आवाजाने थरथरणारा पडदा नसतो आणि ते वाचायला यंत्र काही सेंटिमीटरवर आणावे लागते. दुसरी समजूत बेफिकिरीची, आणि ती अधिक घातक आहे. 'त्यात बॅटरीसुद्धा नाही, ते काय करणार?' हा युक्तिवाद मॉस्कोतही सात वर्षे कामी आला असता. वस्तूच्या दुबळेपणावरून तिच्याद्वारे चालणाऱ्या सत्तेचा अंदाज करता येत नाही. शक्ती विचारणाऱ्यापाशी असते. एका दरवाजावर ओळखपत्र वाचले गेले तर ती हजेरी झाली. ग्रंथालय, उपाहारगृह, वसतिगृह आणि सभागृह या प्रत्येक दरवाजावर ते वाचले गेले आणि साऱ्या नोंदी एका ठिकाणी जमल्या, तर कोण कुणाबरोबर किती वेळ बसतो याची ती बखर होते. कार्ड दोन्ही वेळा तेच असते.

ऐकणारी परावर्तक उपकरणेही इतिहासजमा झालेली नाहीत. १९६० च्या मे महिन्यात, सोव्हिएत संघाने अमेरिकेचे यू-२ हेरविमान पाडल्यानंतर, अमेरिकेच्या प्रतिनिधीने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत ती राजमुद्रा उघडून दाखवली आणि नैतिक संतापाचे दर्शन घडवले. दरम्यानच्या काळात ब्रिटिशांनी त्या डबीचे मर्म उलगडून स्वतःची आवृत्ती बनवलेली होती. डिसेंबर २०१३ मध्ये 'डेर श्पीगल' या जर्मन नियतकालिकाने अमेरिकेच्या एनएसए या संस्थेच्या हेरगिरी-उपकरणांची जी सूची प्रसिद्ध केली, तीतही बाहेरून लहर सोडून वाचायची परावर्तक उपकरणे होती. ज्याच्यावर पाळत ठेवली गेली त्याने तक्रार केली आणि तंत्र उचलले, असा हा सर्वपक्षीय व्यवहार आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो विचारात घेतलाच पाहिजे. आता बाहेर यंत्रापाशी माणूस बसलेलाच नसतो. संगणकच आवाज ऐकतो, लिहून काढतो, शब्द शोधतो. मग सहावा कान माणसाचा कसा? आमचे उत्तर असे : संगणकाला कोणते शब्द शोधायचे हे कुणीतरी सांगितलेले असते, निकाल कुणाच्या तरी टेबलावर जातो, खर्चाच्या कागदावर कुणाची तरी सही असते. माणूस मागे सरकला आहे, नाहीसा झालेला नाही. 'यंत्र ऐकते' असे म्हणण्यात त्याची मोठीच सोय आहे. म्हणूनच हा भाषेचा प्रश्न आहे, आणि भाषा शिकवणाऱ्यांचाही.

कायद्याने हा प्रश्न योग्य रीतीने विचारल्याचा निदान एक दाखला आपल्याकडे आहे. दूरध्वनी चोरून ऐकण्याबाबत पीयूसीएल या संस्थेने दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला. यंत्र कोणते, वायर कुठून नेली याच्या खोलात न जाता न्यायालयाने आदेश कुणी द्यायचा हे ठरवले : केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचा लेखी आदेश, त्याला दोन महिन्यांची मुदत, एकूण सहा महिन्यांची कमाल मर्यादा आणि आदेशाची तपासणी करणारी समिती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती घेणाऱ्यावर कारण सांगण्याचे आणि संमती घेण्याचे बंधन घातले. त्याच कायद्याने केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याचा अधिकारही ठेवला. म्हणजे जो सर्वांत समर्थ विचारणारा, त्यालाच पत्ता न सांगण्याची मुभा. चर्चा व्हायला हवी ती या कलमाची. आपण मात्र ऐकणाऱ्या फोनच्या सुरस कथांत रमतो.

हे सारे आम्ही एका साहित्यविषयक व्यासपीठावर का लिहीत आहोत, असे कुणी विचारील. कारण वर्ग ही आमची खोली आहे. वर्गात शिक्षकाला एखादे मत केवळ तपासून पाहण्यासाठी मांडता आले पाहिजे, खलनायकाची बाजू त्याच्याच तोंडून बोलता आली पाहिजे, आणि विद्यार्थ्याला चुकीचे बोलून उद्या ते बदलता आले पाहिजे. अर्धे वाक्य टिपून, मागचा-पुढचा संदर्भ तोडून ते गावभर फिरवण्याची सोय प्रत्येक खिशात आल्यापासून अनेक शिक्षक सुरक्षित टिपणे वाचून दाखवू लागले आहेत. कुणी ऐकलेच नाही तरी, ऐकत असेल या शंकेनेच शिकवणे मुके होते. या शंकेवर यंत्रे बंद करण्याचे फर्मान हा उपाय नाही. कोण ऐकत आहे हे मोकळेपणाने कळणे हा उपाय आहे.

म्हणून महाविद्यालयाच्या दरवाजावर ओळखपत्र वाचणारे यंत्र बसेल किंवा वर्गात ध्वनिमुद्रणाची सोय होईल, तेव्हा प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी चार प्रश्न लेखी विचारावेत, असे आम्ही सुचवतो. कोण विचारणार? काय विचारणार? उत्तर किती दिवस ठेवणार? आणि ते कुणाला दाखवणार? या प्रश्नांची उत्तरे मिळत असतील तर कार्ड गळ्यात घालायला हरकत नाही. मिळत नसतील तर, कार्डात बॅटरी नाही हे आश्वासन कुचकामाचे आहे.

भिंतींवर संशय घेत बसल्याने माणूस फक्त घाबरट होतो. कान मोजण्याची सवय त्याला नागरिक बनवते. खोलीत दोघे आहेत, चार कान आहेत. उरलेले दोन कुणाचे, हे विचारण्याचा हक्क आपला आहे, आणि त्यासाठी लागणारा शब्द मराठीत आधीपासूनच आहे.